वकील वॉर्डापर्यंत यायला हवा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सचिव,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, नांदेड आणि लातूर



केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२२ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तपासाची नवी रीत लागू झाली. रस्त्यावर वाहनाच्या धडकेने कुणी जखमी झालं किंवा दगावलं, की तपासी अधिकाऱ्याने ४८ तासांच्या आत प्राथमिक अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे धाडायचा. त्याची एक प्रत जखमीला आणि एक राज्य विधी सेवा प्राधिकरणाला द्यायची. दहा दिवसांत जखमीच्या हाती त्याच्या हक्कांचा छापील कागद पडला पाहिजे. पन्नास दिवसांत अंतरिम अहवाल आणि नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणापुढे गेला पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम १६६(४) तर सांगतं की पोलिसांकडून आलेला अहवाल हाच भरपाईचा अर्ज समजावा. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२२ रोजी गोहर मोहम्मद खटल्यात या नियमांची काटेकोर अंमलबजावणी करायला सगळ्या राज्यांना सांगितलं आणि अपघात दाव्यांसाठी पोलिसांचं वेगळं पथक तीन महिन्यांत नेमायचा आदेश दिला.

पायात रॉड घालून पडलेल्या माणसाने वकील शोधत हिंडू नये, कायद्यानेच त्याच्याकडे जावं, असा या सगळ्याचा हेतू आहे. अहवालाची प्रत विधी सेवा प्राधिकरणाला द्यायची ती याच कारणासाठी. म्हणूनच हे पत्र मी आरटीओला किंवा पोलिसांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांत रस्त्याने पायी कोण चालतं, ते आधी सांगतो. नांदेडच्या नव्या मोंढ्यात आणि लातूरच्या मार्केट यार्डात दिवस उजाडायच्या आत पोहोचणारे हमाल. लातूरच्या ट्युशन भागात एका क्लासमधून दुसऱ्या क्लासला पळणारी, गावाकडून आलेली पोरं-पोरी. गंजगोलाईत डोक्यावर भाजीची पाटी घेऊन उतरणाऱ्या बाया. आणि सगळ्यांत जास्त, हायवेच्या कडेने चालणारी खेड्यातली माणसं. तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला येणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आणि अर्धापूर, नांदेड, नायगाव, देगलूरवरून तेलंगणात जाणारा १६१ हे दोन्ही रस्ते रुंद झाले, गुळगुळीत झाले. गाव मात्र पूर्वीसारखं एका अंगाला राहिलं, आणि शाळा, रान, फाट्यावरची एसटी दुसऱ्या अंगाला. मधला रस्ता बाईने डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन ओलांडायचा. रात्री वाळूचे हायवा, गाळपाच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांतल्या कित्येकांना मागे साधा लाल दिवाही नसतो. कोजागिरीला लातूरकडून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रांग लागते. माहूरला जाणारे, आषाढीला दिंडीत निघालेले वेगळेच. याच रस्त्यांवर, याच कडेने.

२०२३ साली देशात रस्त्यावर मेलेल्या पादचाऱ्यांची सरकारी संख्या ३५,२२१ आहे. अपघातात गेलेल्या दर पाच माणसांमागे एक पायी चालणारा होता. या माणसाला लायसन नसतं, विमा नसतो, संघटना नसते. वाहनवाल्याच्या मागे मालक असतो, विमा कंपनी असते, तिच्या पॅनेलवरचा वकील असतो. समोरासमोर उभे केले तर हा सामना बरोबरीचा नाही, आणि तो बरोबरीचा करण्यासाठीच आपलं प्राधिकरण आहे असं मी मानतो.

आता पळून गेलेल्या वाहनाबद्दल. याच बाबतीत आपलं काम सर्वांत स्पष्ट आहे आणि सर्वांत तातडीचं.

वाहन सापडलं नाही की घरचे समजतात, संपलं. ठाण्यात अज्ञात वाहनाविरुद्ध गुन्हा दाखल होतो आणि घरचे दहाव्याच्या तयारीला लागतात. पण अज्ञात वाहनाने मारलेल्या माणसाच्या वारसांना २ लाख रुपये आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये द्यायची केंद्र सरकारची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिच्यात न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. अपघात जिथे झाला तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदाराकडे अर्ज द्यायचा, सोबत गुन्ह्याची प्रत, जखमेचा किंवा शवविच्छेदनाचा अहवाल, ओळखपत्र आणि बँकेचं पासबुक जोडायचं. त्यांनी महिनाभरात चौकशी करून कलेक्टरकडे शिफारस पाठवायची, कलेक्टरने मंजुरी द्यायची, आणि पैसे थेट खात्यावर.

इतकी सोपी योजना असून झालं काय? १२ जानेवारी २०२४ रोजी एस. राजशेखरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा न्यायालयासमोर हे आकडे होते: २०२२ मध्ये देशात धडक देऊन पळून जाण्याचे ६७,३८७ अपघात, २०२२-२३ या आर्थिक वर्षात भरपाईसाठी आलेले अर्ज २०५, निकाली निघालेले ९५. तिजोरीत पैसे आहेत, ज्यांच्यासाठी ते ठेवले त्यांना ते आहेत हेच माहीत नाही. हे वाचून मला राग आला तो कुठल्या एका कार्यालयाचा नाही. नवरा गेलेल्या बाईने योजनेचं राजपत्र शोधून वाचावं, अशी आपण सगळ्यांनी मिळून अपेक्षा धरली होती, तिचा आला.

त्याच निकालात न्यायालयाने वाटही आखून दिली. गुन्हा दाखल होऊन महिना झाला तरी वाहनाचा पत्ता लागला नाही, तर पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यायची, आणि त्यांची नावं-पत्ते चौकशी अधिकाऱ्याला, म्हणजे वर सांगितलेल्या उपविभागीय अधिकाऱ्याला किंवा तहसीलदाराला, कळवायचे. तरीही पुढच्या महिन्यात अर्ज आला नाही, तर चौकशी अधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि प्राधिकरणाने त्या घरी संपर्क साधून अर्ज भरायला मदत करायची. प्रत्येक जिल्ह्यात देखरेख समिती नेमायची. तिच्यात चौकशी अधिकारी, उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला पोलीस अधिकारी आणि प्राधिकरणाचे सचिव; समितीचे निमंत्रक हे सचिवच. निदान दोन महिन्यांतून एकदा बैठक व्हायलाच हवी.

सचिव महोदय, या समितीची किल्ली आपल्याच हातात आहे. माझी पहिली विनंती म्हणून इतकीच: २०२४ पासून आपापल्या जिल्ह्यात प्रत्येक पोलीस ठाण्यात अज्ञात वाहनाचे किती गुन्हे नोंदले गेले, त्यांतून किती अर्ज आले, किती मंजूर झाले, हे तालुकावार आकडे समितीने जाहीर करावेत. किनवटचा वेगळा, मुखेडचा वेगळा, उदगीरचा, निलंग्याचा वेगळा. ज्या तालुक्यात गुन्हे पुष्कळ आणि अर्ज शून्य, तिथे आपला विधी स्वयंसेवक यादी घेऊन घरोघर गेला पाहिजे. यादी ठाण्यात आहे, पत्ता एफआयआरमध्ये आहे. शोधायचं काहीच उरलेलं नाही.

वाहन सापडलं तर लढाई वेगळी. खेड्यात ती बहुधा ठाण्याच्या आवारातच हरली जाते. गाडीचा मालक ओळखीचा निघतो, कुणाचा तरी पाव्हणा असतो. चार शहाणी माणसं मधे पडतात. "दवाखान्याचं करतो म्हणतोय तो, कशाला कोर्टकचेरी, मिटवून टाका." दहा-वीस हजार हातात पडतात, एका कोऱ्या कागदावर अंगठा होतो. सहा महिन्यांनी मांडीचं हाड नीट जुळलेलं नसतं, दुसरं ऑपरेशन सांगितलेलं असतं, आणि मालक फोन उचलत नाही. त्या बाईला कुणी हे सांगितलेलंच नसतं की भरपाई मालकाच्या खिशातून जाण्याची गरज नव्हती. प्रत्येक वाहनाला तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि तो नेमका तिच्यासारख्यासाठीच आहे. गाववाल्याशी वैर न घेताही तिला तिचे पैसे मिळाले असते.

आणखी एक गैरसमज मला वारंवार भेटतो: ड्रायव्हरला शिक्षा झाली तरच भरपाई मिळते. फौजदारी खटला भारतीय न्याय संहितेखाली चालतो, भरपाईचा दावा न्यायाधिकरणात. पहिल्यात निःसंशय पुरावा लागतो, दुसऱ्यात कुणाची बाजू अधिक संभवनीय ते पाहिलं जातं. २०१३ साली गोव्यातल्या डल्सिना फर्नांडिस यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. साक्षीदार फुटला, खटला सुटला, तरी दावा आपोआप बुडत नाही. हे वाक्य मराठीत मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लावलं तरी कितीतरी घरं वाचतील.

पण माहिती नुसती देऊन भागत नाही, सल्लाही लागतो, कारण कायद्यात खाचखळगे आहेत. कलम १६४ खाली चालकाचा दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. ऐकायला बरं वाटतं. पण ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. अडीच लाख घ्यायचे की थांबायचं, हा निर्णय कर्जात बुडालेल्या घराने विमा कंपनीच्या माणसासमोर एकट्याने घ्यायचा का? कलम १६६(३) मधली सहा महिन्यांची मुदतही तशीच. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतरिम आदेश देऊन, मुदत टळली एवढ्याच कारणावरून दावे फेटाळू नका असं सांगितलं आहे. तरी अंतरिम आदेशावर विसंबून कुणी गाफील राहू नये, हे सांगणारं माणूस त्या घराजवळ हवं.

सर्वांत मोठा तोटा मात्र एका कागदामुळे होतो, आणि त्यावर मी जरा सविस्तर लिहितो. तो कागद म्हणजे अपंगत्वाचं प्रमाणपत्र.

समजा, मार्केट यार्डात पोती उचलणारा ३२ वर्षांचा हमाल आहे. महिना १२ हजार कमावतो. पायी घरी जाताना टेम्पोने उडवलं, पाय कायमचा अधू झाला. पायाचं अपंगत्व ६० टक्के, म्हणून संपूर्ण शरीराचं ३० टक्के, असं प्रमाणपत्र मिळालं. आता हिशेब बघा. वर्षाची कमाई १ लाख ४४ हजार. प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र कामगाराला पुढच्या वाढीचे ४० टक्के जोडले की २ लाख १ हजार ६००. सरला वर्मा निकालाप्रमाणे (२००९) या वयाला गुणक १६. एकूण ३२ लाख २५ हजार ६००. त्याचे ३० टक्के धरले तर जवळपास ९ लाख ६८ हजार. पण राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की शरीर किती टक्के गेलं एवढंच पाहू नका, त्या माणसाचा धंदा किती गेला ते पाहा. कारकुनाचा पाय गेला तर तो खुर्चीत बसून काम करील. हमालाचा गेला तर तो पोतं उचलणार कसा? न्यायाधिकरणाने कमाईची हानी ६० टक्के धरली, तरी रक्कम १९ लाख ३५ हजार होते. शंभर टक्के धरायलाही जागा आहे. फरक जवळजवळ दहा लाखांचा, आणि तो ठरतो डॉक्टरला साक्षीला बोलावलं की नाही, "हा माणूस आता ओझं उचलू शकतो का?" हा एक प्रश्न विचारला की नाही, यावर. बाजार समितीतल्या आडत्याकडून, माथाडी नोंदीतून हमालीचा पुरावा आणला की नाही, यावर.

हे काम घाईतल्या वकिलाकडून होत नाही. दवाखान्याच्या दारात कागद गोळा करणारे दलाल तर ते मुळीच करत नाहीत. त्यांना टक्का हवा असतो. भरपाईच्या रकमेत वाटा ठरवून वकिली करायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, हे आपल्याला मी सांगायला नको. जखमीला ते सांगणारं कुणी नाही, म्हणून लिहिलं. नेकीने, वर्षानुवर्षे अपघाताचे दावे लढवणारे वकील नांदेडला आहेत, लातूरलाही आहेत. त्यांना आपल्या पॅनेलवर घ्या, मानधन वेळेवर द्या, आणि अपघात दाव्यांसाठी त्यांचा वेगळा गट करा.

शेतमजूर बाईच्या दाव्यात हाच प्रश्न आणखी बिकट होतो. तिच्या मजुरीची नोंद कुठेच नसते, आणि ती घर चालवते त्याची तर नाहीच. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घर सांभाळणाऱ्या बाईच्या श्रमाला पैशांत मोल धरायलाच हवं असं ठामपणे म्हटलं. तरी दाव्याच्या अर्जात अजून "घरकाम" एवढा एकच शब्द लिहून मोकळं होतात. पहाटेचं पाणी, जनावरं, सोयाबीनची कापणी, सासूचं आजारपण, हे सगळं त्या अर्जात यायला हवं. ते लिहून घ्यायला तिच्याजवळ तासभर बसावं लागतं. महिला विधी स्वयंसेवक हे वकिलापेक्षा चांगलं करतील, असं मला वाटतं.

बाहेरगावी गेलेल्या माणसांचंही बोललं पाहिजे. कंधार, मुखेड, लोहा, जळकोट, देवणी या तालुक्यांतून पुण्या-मुंबईला, हैदराबादला मजुरीला गेलेली किती कुटुंबं असतील! बांधकामावरून पायी परतताना तिकडे कुणाला गाडीने उडवलं, तर घरचे त्याला घेऊन गावी येतात आणि दावा पुण्यातच करावा लागेल म्हणून सोडून देतात. कलम १६६(२) प्रमाणे दावेदार राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही दावा दाखल होतो. मुखेडच्या माणसाने पुण्याच्या तारखा कशाला करायच्या? अज्ञात वाहनाचा अर्ज मात्र अपघात झाला तिथल्याच तहसीलला द्यावा लागतो. तिथे एका प्राधिकरणाने दुसऱ्या प्राधिकरणाला पत्र लिहावं. तुमचं एक पत्र त्या घराचं रेल्वेचं भाडं वाचवतं.

यातल्या बहुतेकांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहेच. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही; इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे. भूकंपग्रस्त, पूरग्रस्तही या कलमात आहेत. किल्लारीच्या जिल्ह्याला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. तसंच रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताचं नावही या कलमात उत्पन्नाच्या अटीविना यावं, अशी शिफारस आपण दोन्ही जिल्ह्यांतून वर पाठवावी. सव्वातीन लाख कमावणारा रिक्षावाला आठ दिवस आयसीयूत राहिला की तोही कंगालच होतो.

उपचाराच्या खर्चासाठी ५ मे २०२५ रोजी केंद्राने रोकडरहित योजना अधिसूचित केली आहे. अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत, नेमलेल्या रुग्णालयांत, आणि तीत पादचारीही येतो. तिचा उपयोग पहिल्या काही तासांतच करावा लागतो. म्हणूनच माझी मुख्य मागणी ही आहे: नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत, अपघात विभागाजवळ, आपलं टेबल रोज असावं. महिन्यातून एका शिबिरापुरतं नको. तिथे बसणाऱ्याने पोलिसांत नोंद होणाऱ्या रुग्णांचं (एमएलसी) रजिस्टर रोज पाहावं, ठाण्यातून प्राथमिक अहवालाची प्रत मागवावी, नातेवाइकांना योजनेचा अर्ज भरून द्यावा, औषधांच्या पावत्या पिशवीत भरून ठेवायला सांगावं, आणि कोऱ्या कागदावर सही करू नका हे पहिल्याच दिवशी कानावर घालावं. वाहनाला विमा नसेल तर ते मालकाला परस्पर सोडलं जात नाही ना, ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचेही कागद जप्त झाले ना, हे त्याच आठवड्यात तपासावं. नंतर ते हाती लागत नाहीत.

लोकअदालतीबद्दल थोडं. तिथे अपघाताचे दावे लवकर मिटतात, पैसे लवकर मिळतात, यात शंका नाही. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून तडजोडीच्या टेबलावर जखमीला बसवण्याआधी त्याच्या दाव्याचा खरा हिशेब, मी वर मांडला तसा, लेखी काढून त्याला मराठीत समजावून सांगितला जावा, आणि तसं झाल्याची नोंद निवाड्यात असावी. लोकअदालतीत किती प्रकरणं निकाली निघाली याचा आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतो. मागितले किती, हिशेबाने होत होते किती आणि मिळाले किती, हेही त्यासोबत यावं.

निवाडा झाल्यावरचं कामही आपलंच. देशभरातल्या न्यायाधिकरणांत भरपाईचे शेकडो कोटी रुपये कुणी न नेल्यामुळे पडून आहेत, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दावेदारांचा शोध घेण्यासह सविस्तर आदेश दिले. दावेदार गाव सोडून जातो, खातं बंद पडतं, वारस अज्ञान असतो. नांदेड आणि लातूरच्या न्यायाधिकरणांत अशा किती रकमा पडून आहेत ते पाहून त्या दावेदारांची गाववार यादी ग्रामपंचायतींना पाठवावी. सरपंच, आशाताई, अंगणवाडी सेविका यांना माणूस कुठे गेला ते नक्की ठाऊक असतं.

देखरेख समितीची पुढची बैठक ठरेल तेव्हा तिची तारीख आधी जाहीर करावी, आणि अपघातात माणूस गमावलेल्या निदान दोन-चार घरांना त्या दिवशी समितीपुढे बोलू द्यावं. कागदपत्रं घेऊन ती येतील. त्यांचा जाण्या-येण्याचा खर्च प्राधिकरणाने द्यावा. मागितलेले तालुकावार आकडेही त्याच दिवशी मांडावेत. आपल्या उत्तराची मी वाट पाहतो, आणि ते खासगी न देता असंच जाहीर द्यावं ही विनंती.

कळावे.

आपला,
नांदेड जिल्ह्यातील एक नागरिक